पुसलेली शीग

सोलापुरात मार्शल लॉ होऊन गेला, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. त्या साली जोंधळ्याचा भाव उतरला होता, सुताचा उतरला होता, आणि माणसांचे पगारही उतरले होते. भवानी पेठेत राहणाऱ्या मुकुंदराव मास्तरांना शाळेच्या चालकांनी बोलावून घेतलं आणि मोठ्या गोड शब्दांत सांगितलं, की वर्गणी देणारे लोक हात आखडता घेताहेत, तेव्हा पगारात काट बसेल. ज्यांना परवडत नसेल त्यांनी दुसरीकडे बघावं. दुसरीकडे बघायला होतं काय? मास्तर घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि बायकोला म्हणाले, "अगं, आता घरचा बाजारहाट तूच बघ. मला त्यातलं काही कळत नाही."

हे मात्र अगदी खरं होतं. मास्तर भल्याभल्यांना न सुटणारी गणितं चुटकीसरशी सोडवायचे, पण त्यांनी आणलेल्या वांग्यांत अर्धी किडकी निघायची.

यशोदेनं पदर खोचला. घरात ती, मास्तर आणि तीन मुलं. तिनं आमटीत पाणी वाढवलं, फोडणीच्या तेलाची धार बारीक केली, चहा बंद केला, साखर सणासुदीपुरती ठेवली. शेवटी मालतीचा, धाकट्या मुलीचा, दुधाचा रतीबही तोडला. चार वर्षांची ती पोर सकाळी उठून रिकामी वाटी घेऊन दारात बसायची आणि गवळ्याची वाट बघायची. गवळी दारावरून पुढे जायचा. पण करणार काय? आठवड्याचा किराणा काही केल्या आटोक्यात येत नव्हता.

पेठेतला वाणी तसा वाईट माणूस नव्हता. पण जोंधळा मोजताना शेराचं माप काठोकाठ भरलं, की वर तळहात असा फिरवायचा की काठाच्या वर दाणा म्हणून राहू नये. त्याउलट मंगळवारच्या बाजारात खेड्यातून येणाऱ्या बायका. त्या माप भरतात आणि वर ओंजळीनं घालत राहतात, दाणे घरंगळायला लागेपर्यंत. मापावर दाण्यांचं जे टोक उभं राहतं ती शीग. शीग नसलेलं माप द्यायचं म्हणजे दारी आलेल्याला पाठ दाखवल्यासारखं वाटतं त्या बायकांना. शिवाय एकदम पोतं उचललं तर दरातही सूट द्यायच्या. यशोदेला हे सगळं माहीत होतं. अडचण एवढीच होती की एकटीनं पोतं घ्यायची तिची ऐपत नव्हती.

तेव्हा तिनं दोन शेजारणींना गाठलं. मागच्या चाळीतली गोजरबाई मिलमध्ये सूत गुंडाळायच्या कामाला होती. भोंग्याला जायची ती भोंग्यालाच यायची. बोळाच्या तोंडाशी कमलम्मा राहायची. तिचा नवरा घरातच हातमाग चालवायचा आणि ती दिवसभर कांड्या भरायची. दोघींना मंगळवारी भरदिवसा बाजारात जायला सवड नव्हती, आणि यशोदेला होती. तिघींत मिळून पोतं घ्यायचं, यशोदेनं आणायचं, घरी वाटून द्यायचं, असं ठरलं.

"शीग लावून माप मिळेल हं," यशोदा म्हणाली होती. "वाण्याकडच्यापेक्षा तुमचं धान्य दोन दिवस जास्त पुरेल. ती शीग आपल्या तिघींची."

गोजरबाईला एवढा आनंद झाला, की तिनं तिथंच वाकून नमस्कार घातला. "तुमी बामनाच्या असून आमच्यासाटी उनातनं जानार! तुमच्या हातनं आलं म्हंजे देवाच्या हातनं आलं की वो, मास्तरीणबाई."

मास्तरांच्या घरच्या बाईनं बाजारात जाऊन पोती उचलायची ही काही रीत नव्हती. पहिल्या मंगळवारी यशोदा पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून, खाली मान घालून गेली. तिला मार्डीची केराबाई भेटली. वाळलेल्या अंगाची, कोपरापर्यंत हिरवा चुडा ल्यालेली बाई. घोंगडीवर जोंधळ्याची रास घालून बसली होती. पहिलं माप ओतताना "एक" न म्हणता "लाभ" म्हणायची, मग दोन, मग तीन. प्रत्येक मापावर शीग चढवायची आणि ती ढळली तर पुन्हा घालायची. सगळं मोजून झाल्यावर ओंजळभर दाणे वर टाकून म्हणाली, "ह्ये तुमच्या पोरासोरांस्नी." यशोदेला बरं वाटलं. सहा पायल्या जोंधळा आणि थोडी तुरीची डाळ हमालाच्या डोक्यावर देऊन ती घरी आली, ती जवळजवळ पळतच.

वाटणी तिनं घरात बसून केली. घर सोवळ्याचं. गोजरबाई आणि कमलम्मा बाहेर ओट्यावर बसल्या. आत पाऊल टाकायचं त्यांच्या मनातही आलं नाही, आणि या, बसा, असं कुणी म्हटलंही नाही. यशोदेनं माजघरात सतरंजीवर जोंधळा ओतला, शेराचं माप घेतलं आणि मोजायला लागली. तिच्या माहेरी कणगीतून धान्य काढताना माप भरलं की वरून हात फिरवायची सवय होती, घरातलं धान्य मोजकं निघावं म्हणून. तीच सवय तिच्या हाताला. माप भरायचं, तळहात फिरवायचा, पाटीत ओतायचं. गोजरबाईच्या दोन पायल्या झाल्या, कमलम्माच्या दोन झाल्या. दोघी पाट्या डोक्यावर घेऊन, दुवा देत निघून गेल्या.

मग यशोदेनं आपल्या वाटणीचा जोंधळा मोजला. तिच्या दोन पायल्या भरल्या, आणि सतरंजीवर अजून बराच ढीग उरला होता. एक पायली सहज होती, वर आणखी होता.

ती त्या ढिगाकडे बघत राहिली. काय झालं ते तिला लगेच कळलं. ती काही खुळी नव्हती. तिघींच्या मापांवरची शीग तिच्या एकटीच्या घरात राहिली होती. हाक मारावी म्हणून ती उठली, दारापर्यंत गेली. कमलम्मा बोळातच होती, हाकेच्या अंतरावर. यशोदेनं हाक मारली नाही. पुढच्या वेळी देऊ, असं मनाशी म्हणून ती परत आत आली आणि ढीग डब्यात भरला.

पुढच्या वेळी काय होतं ते तुम्हांआम्हांला ठाऊकच आहे. पुढच्या मंगळवारी ती माप हातात घेऊन क्षणभर थांबली, आणि मग तिचा तळहात मापावरून फिरला. पहिल्या वेळी सवयीनं फिरला होता, या वेळी समजून उमजून. उन्हातून कोण जातं? हमालाशी घासाघीस कोण करतं? बाजारात चार लोकांच्या नजरा कोण झेलतं? एवढ्या कष्टाचं काहीतरी नको का? असं ती स्वतःला समजावत राहिली, आणि माणूस स्वतःला समजवायला बसलं की त्याला समजायला फार वेळ लागत नाही. डाळीचंही तसंच झालं. वाचलेल्या पैशांतून मालतीचा रतीब पुन्हा सुरू झाला. पोर ओठांवर पांढरी मिशी घेऊन घरभर नाचायची, आणि यशोदेच्या मनातली टोचणी बोथट होत जायची.

मास्तर तर हरखूनच गेले. "अगं, पगार कमी झाला आणि घरात दूध आलं! शाळेत सगळ्यांना सांगितलं मी, संसार कसा करावा ते आमच्या घरी येऊन बघा म्हणून." यशोदा खाली बघून भाकरी थापत राहायची.

पण गोजरबाई खेड्यात वाढलेली. शिगेचं माप घरात किती दिवस पुरतं ते तिच्या हाडांत मुरलेलं होतं. एका संध्याकाळी ती ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"मास्तरीणबाई, येक इचारू का? राग मानू नगा. तुमी शिगंचं माप म्हनला व्हता, पर आमच्यात तर वान्याकडच्यावानीच पुरतंय. कमलम्मा बी तेच म्हनती."

यशोदेच्या हातातली वळलेली वात गळून पडली. "असं? बघते हं मी पुढच्या वेळी," ती कशीबशी म्हणाली.

"तुमी काय बघनार! तुमाला मापातलं काय कळतंय वो?" गोजरबाई मायेनं म्हणाली. "त्या बाईनं वळखलं, ही शिकल्या घरची हाय, हिला शीग ठाव न्हाई. ती तुमाला सपाट माप घालती आन पैसं शिगंचं घेती. मी येती ह्या मंगळवारी. मिल बंदच हाय आमची, माल पडून हाय म्हनं."

नको म्हणायला काहीच कारण सापडेना. मंगळवारी दोघी निघाल्या. वाटभर गोजरबाई बोलत होती आणि यशोदा मनातल्या मनात देवाला विनवत होती, की केराबाई आज आलेलीच नसू दे.

केराबाई आलेली होती. शेजारी वडाळ्याचा तात्याबा लसूण-मिरचीची पथारी मांडून नेहमीसारखा बसला होता. यशोदेला बघताच केराबाईनं हसून घोंगडीचा कोपरा झटकला. "या बाई. पोरगी कशी हाय?"

"पोरगीचं र्‍हाऊ दे," गोजरबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "तुजी शीग कुटं जाती ते सांग आदी."

केराबाईला कळेना. "कसली शीग?"

"कसली म्हनं! मापावरची. बामनाच्या बाईला कळत न्हाई म्हनून सपाट माप घालतीस व्हय? आमी मिलमदी मरमर मरायचं आन तू आमच्या पोटावर पाय द्यायचा?"

"म्या?" केराबाई उभीच राहिली. "म्या सपाट माप घातलं? आवो, काळ्या आईची आन, माज्या हातनं आजवर कुनाला सपाट माप गेलं न्हाई." तिनं घाईघाईनं माप भरलं, शीग चढवली. ती दोनदा ढळली. "ही बगा. आसंच देती मी दर बाजारी."

"आज मी म्होरं हाय म्हनून! मी नसती तवा?"

लोक जमायला लागले. ज्यांनी पिशव्या उघडल्या होत्या त्यांनी त्या मिटल्या. केराबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. "ह्यास्नी इचारा की! ह्या म्होरं हुब्या असत्यात दर वक्ताला. बाई, तुमी सांगा. शीग लावून देती का न्हाई मी?"

सगळे यशोदेकडे बघायला लागले. "देते," एवढाच एक शब्द हवा होता. पण तो शब्द तोंडातून गेला असता तर पुढचा प्रश्न काय येणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं: मग ती शीग गेली कुठं? त्या गर्दीत शाळेतल्या मुलांचे पालक होते. रोज सकाळी मास्तरांना वाकून रामराम करणारी माणसं होती.

"माझं... माझं मापाकडे लक्ष नसतं," ती म्हणाली.

केराबाईचं भरलेलं माप हातातच राहिलं. मागून कुणीतरी म्हणालं, "मास्तरांच्या घरची बाई हाय, ती कशाला कुनाचं नाव घील? समजून घ्या की." तेवढं पुरे झालं. गोजरबाईनं भरल्या बाजारात केराबाईला चोरटी म्हटलं, तिच्या हाताला किडे पडतील म्हणाली, आणखी काय काय म्हणाली. आणि यशोदेचा हात धरून तिला दुसऱ्या पथारीवर घेऊन गेली. यशोदा गेली. धरणी पोटात घेईल तर बरं असं तिला झालं होतं, पण पाय मात्र गोजरबाईच्या मागून चालत होते.

"तुमी मनाला लावून घिऊ नगा," परत येताना गोजरबाई तिचीच समजूत घालत होती. "तुमी भोळ्या. जगात असली मानसं असत्यात."

त्या आठवड्यात यशोदेला घास गोड लागला नाही. मालतीला दूध देताना तिचा हात अडखळायचा. एकदा वाटलं, मास्तरांना सांगावं. ते वर्गाची उत्तरं तपासत बसले होते. मुलांनी एकमेकांची बघून लिहिली म्हणून संतापले होते. तिनं दिवा पुसायला घेतला.

पुढच्या मंगळवारी ती एकटीच बाजारात गेली. नव्या माणसाकडून पोतं घेतलं आणि केराबाईची जागा चुकवायला लांबच्या बाजूनं निघाली. पण बाजार तो केवढा असणार! केराबाईनंच तिला हेरलं आणि उठून आडवी आली. तिच्या घोंगडीवरची रास जशीच्या तशी होती. आता ओरडेल, शिव्या देईल, म्हणून यशोदेनं अंग चोरलं.

केराबाई ओरडली नाही. अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, तुमी खोटं बोलायच्या न्हाई, म्हनून तुमालाच इचारती. माज्या हातनं खरंच चुकलं का वो? घरला जाऊन म्या पुन्यांदा पुन्यांदा मापून बगितलं. सासू म्हनती, तुजी नजर गेली. नवरा म्हनतोय, लोकं उगं बोलत न्हाईत. मला बी आता वाटाय लागलंय, बोलन्याच्या नादात एकांदा हात र्‍हायला आसंल. तुमी म्होरं व्हता. सांगा की."

असली लाज यशोदेला जन्मात कधी वाटली नव्हती. त्या बाईनं तिला दोष दिला असता तर ती काहीतरी बोलली असती, भांडली असती. पण केराबाईनं दोष स्वतःकडे घेतला होता आणि खरं-खोटं करायला तिच्याकडेच आली होती. "कुणास ठाऊक, बाई," ती पुटपुटली. "मला उशीर होतोय." आणि हमालाच्या मागं चालू लागली. मागं वळून बघायची तिची छाती झाली नाही.

घरी येऊन तिनं सतरंजी पसरली, पोतं ओतलं. मिलचा भोंगा झाला होता. गोजरबाई आणि कमलम्मा ओट्यावर येऊन बसल्या होत्या. त्यांचं हसणं आत ऐकू येत होतं. या वेळी शीग लावूनच द्यायची, असा निश्चय करून तिनं माप भरलं. केराबाईचा तो खालचा आवाज कानात होता. आणि भरून पाटीत ओतताना तिनं खाली बघितलं, तर मापाच्या काठावर दाणा नव्हता. तळहात फिरून गेला होता. कधी फिरला ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

ती आपल्या हाताकडे बघत राहिली, तिला स्वतःची किळस आली. मग उठली आणि तशीच दाराबाहेर ओट्यावर गेली.

"गोजरबाई, त्या केराबाईचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "ती शीग लावूनच देत होती. मी पुसून घेत होते. तुमचा जोंधळा माझ्या घरात राहिला."

गोजरबाई चक्क हसली. "बगा, कमलम्मा! त्या चोरटीला वाचवायला ह्या पाप सवताच्या डोक्यावर घेत्यात. मास्तरीणबाई, आवो तुमी देवमानूस हायसा, पर इतकं बी भलं नसावं मानसानं."

"अय्यो अम्मा," कमलम्मानंही मान हलवली. "तुम्ही असं बोलू नका. पाप लागते आम्हाला."

"अहो, खरं सांगते मी!"

"र्‍हाऊ द्या वो. मोजा जावा, भाकरी टाकायच्या हाईत मला."

यशोदेला रडू फुटायचं बाकी होतं. खोटं बोलली तेव्हा सगळ्यांनी एका शब्दावर विश्वास ठेवला, आणि आता खरं सांगितलं तर कुणी कानावर घेईना. ती आत गेली. सतरंजीची दोन्ही टोकं धरून सगळा जोंधळा फरफटत ओट्यावर आणला, त्या दोघींच्या पायांपाशी. खाली बसली. माप भरलं, वर ओंजळीनं घातलं, शीग उभी राहू दिली.

"केराबाई हे असं द्यायची," ती म्हणाली. मग तळहात मापावरून फिरवला. दाणे सरसर खाली सांडले. "आणि आत बसून मी असं करायची. दर मंगळवारी."

हात इतका सफाईनं फिरला होता, की आता कुणाला काही विचारायची गरज उरली नाही. कमलम्मानं तोंडावर पदर घेतला. गोजरबाईनं सांडलेल्या दाण्यांतले मूठभर उचलले आणि परत खाली सोडले. यशोदेला वाटलं, ती आता जोंधळ्याचा हिशेब मागेल. मागितला असता तर बरं झालं असतं.

"म्या त्या बाईला भरल्या बाजारात चोरटी म्हनलं," गोजरबाई म्हणाली. "हाताला किडं पडत्याल म्हनलं. तुमी शेजारी हुब्या व्हता. माज्या तोंडनं म्हनवलंसा तुमी."

यशोदेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"उटा," गोजरबाई म्हणाली. "बाजार अजून उटला नसंल. आमाला सांगितलंसा तसं तिच्याम्होरं सांगा. तितंच. लोकांत."

मुलांना कमलम्माच्या स्वाधीन करून दोघी निघाल्या. येताना-जाताना नेहमी बडबडणारी गोजरबाई आज दोन पावलं पुढं चालत होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. बाजारात दिवे लागले होते. बैल जुंपले जात होते, उरलासुरला भाजीपाला मातीमोलानं चालला होता. केराबाईच्या जागेवर कुणीच नव्हतं. जमिनीवर थोडा कोंडा आणि चार दाणे पडले होते.

तात्याबा पथारी आवरत होता. गोजरबाईनं त्याला विचारलं.

"केराबाई? ती कवाच गेली," तो म्हणाला. "आज बोहनी सुदीक झाली न्हाई तिची. म्हनली, तात्याबा, हा शेवटचा बाजार. आता हितं माप घिऊन बसायची लाज वाटती म्हनली. आता गावातल्या अडत्यालाच घालनार जोंधळा, त्यो दील त्या भावानं."

गोजरबाई यशोदेकडे वळली. मग बाजूला सरकली.

यशोदेनं पदर सारखा केला. आसपासच्या पथाऱ्यांवर सात-आठ माणसं होती. ज्यांनी त्या दिवशी ऐकलं होतं त्यांतलीच बरीच. "तात्याबा," ती म्हणाली, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली, "तात्याबा, केराबाईला निरोप सांगाल? तिचं माप बरोबर होतं. दर वेळी शीग होती. शीग मी काढून घेतली आणि नाव तिचं झालं. तिचा हात चुकला नाही. तिची नजरही गेलेली नाही. एवढं तिला सांगा."

आवराआवर करणारे हात थांबले. तात्याबानं लसणाची जुडी खाली ठेवली आणि तिला नीट न्याहाळलं. "मार्डी आमच्या वाटंवरच हाय. सांगीन की. पर ती इस्वास ठेवायची न्हाई, बाई. म्हनंल, तात्याबा माजी समजूत काढतोय. तिच्या घरची मानसं तर मुळीच ऐकायची न्हाईत. कोन म्हनालं म्हनून सांगू? नाव सांगा."

"भवानी पेठेतल्या मास्तरांच्या घरची, म्हणून सांगा."

"मास्तर लई हाईत तितं. कंचं मास्तर?"

नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं. कुणी विचारलंच तर शेजारची बाई पुढं होऊन सांगते, हीच रीत. दवाखान्यात नाही की देवळात नाही, कुठंच तिला ते स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं नव्हतं. तिनं गोजरबाईकडे बघितलं. गोजरबाईला नाव माहीत होतं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि ती जमिनीवरच्या कोंड्याकडे बघत होती.

लग्नात उखाणा घेताना यशोदेनं ते नाव घेतलं होतं. लाजत, हसत, बायकांच्या गराड्यात. त्यानंतर कधी नाही.

"मुकुंद गोपाळ मंगळवेढेकर," ती म्हणाली. "त्यांची बायको."

"मुकुंद गोपाळ मंगळवेढेकर," विसरू नये म्हणून तात्याबा मोठ्यानं घोकू लागला. "मुकुंद गोपाळ मंगळवेढेकर मास्तरांची बायको. तिनं काढून घेतली." शेजारच्या पथारीवरचा माणूस म्हणाला, "आमच्या पोराचं मास्तर हाईत की त्ये." तात्याबानं मान डोलावली, पथारी खांद्यावर टाकली आणि नाव घोकत घोकत तो गाड्यांकडे चालू लागला.